शिल्लक टाकलेले तास

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस ताईचे अ. उ. आ.

पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: फ्रॉक दोन, लोकरीची टोपी एक, रंगीत खडूंची पेटी एक आणि तुझं पत्र, अर्धा ताव. तिकिटं तू कमी लावलीस, म्हणून पोस्टमनने दारात उभं राहून सहा रुपये वसूल केले. तशी टोपी इथे बाजारात पाचाला मिळते. म्हणजे तू ती फुकट पाठवलीस आणि मी ती महागात विकत घेतली. असो. फ्रॉक मात्र नामी शिवलेस. शिवणीत कापड राखलंस हे पाहून बरं वाटलं, दोन वर्षं तरी उसवून वाढवता येतील.

इकडची मोठी बातमी अशी, की पालिकेने आमच्या गल्लीच्या टोकाला, जुन्या पाणीपट्टी कचेरीत, बालवाडी उघडली आहे. तीन वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक मुलाला आठवड्याला पंधरा तास फुकट. बाईंचा पगार, सतरंज्या, मधल्या वेळचं दूध, सगळं पालिकेकडून. दे रे हरी पलंगावरी म्हणतात ते हेच. मी पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहून आपल्या भिंगरीचं नाव घातलं.

पण मिळालं म्हणून उधळायचं हे आपल्या आईने शिकवलेलं नाही. मी नातीला आठवड्यातून एकच दिवस पाठवते, बाकीचे तास शिल्लक टाकते. उद्या कोणाचं आजारपण निघालं, कुठे लग्नाला जायचं झालं, तर एकदम महिनाभर सकाळ-संध्याकाळ ठेवता येईल. आपल्या नावाने मंजूर झालेली वस्तू जाते कुठे? शेजारच्या घड्याळजीच्या बायकोला हे सांगितलं, तर तिने आपली जुळी नातवंडं तेव्हाच घरी बसवली. आता गल्लीतल्या सगळ्या आज्या माझ्याकडे सल्ल्याला येतात.

माझी प्रकृती देवदयेने ठणठणीत. गेल्या मंगळवारी तर न्हाणीघरात बसून तासभर निवांत नामस्मरण झालं. असा एकांत मोठ्या भाग्याने मिळतो.

माया आहे तशीच राहू दे, तिकिटं मात्र पुरती लाव.

तुझी
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. मावशींस सूनबाईचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईंना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर मला नको, त्यांनाच लिहा.

भिंगरी होण्याआधी मी इस्पितळात रक्त तपासण्याच्या कामावर होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथले साहेब मला परत बोलावताहेत. एक मार्चपासून सकाळची पाळी. आले नाही तर जागा दुसरीला देणार. आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, खुशाल जा, मी आहे ना सांभाळायला, फुकटचे तास कशाला खर्चायचे?

मावशी, आईंचे गुडघे जिना चढताना वाजतात ते शेजारी ऐकू जातं. आणि भिंगरी दारांच्या कड्या लावायला शिकली आहे. त्या मंगळवारी मी बाजारातून आले, तर ही ओट्यावर मांडी घालून साखर खात बसलेली आणि बंद न्हाणीघरातून देवाचं नाव ऐकू येतंय. मी दार उघडलं. आई म्हणाल्या, आपणहूनच बसले होते. बाहेरची कडी आतून कशी लावली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यात बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, की सव्वीस तारखेला पालिकेचे तपासनीस येणार. निदान बारा मुलं भरली नाहीत तर खोलीला कुलूप. सध्या येतात सहा. बाकीची का येत नाहीत ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमचे भाचे पुलाच्या कामावर आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, आईला हिशेबात आजवर कोणी हरवलंय का? मावशीला लिही.

म्हणून लिहिलं. लेकीसारखी मानता, तशीच मानत राहा.

तुमची
सूनबाई


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

तिकिटांची चूक कबूल. सहा माझ्या नावावर मांड, भेटीत देईन. म्हणजे तू भेटलीस तर. बारा वर्षं झाली, "गाडीभाडं उतरलं की येते" म्हणून लिहितेस. भाडं उतरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडेही अशी बालवाडी आहे. तिचे तास शनिवारी संध्याकाळी संपतात, सोमवारी नवे सुरू होतात. ते म्हणजे दूध गं ताई. आजचं आज प्यायचं. झाकून ठेवलंस तर उद्या नासलेलंच मिळणार. माझ्यावर विश्वास नसेल तर पालिकेत जाऊन विचार.

आणि रागावणार नसलीस तर एक बोलते. रागावलीस तरी बोलते, इतक्या लांबून तुझा हात पोचत नाही. तू तास शिल्लक टाकत नाहीस, नात शिल्लक टाकतेस. ती सकाळची गेली की घर खायला उठेल, म्हणून तुझा हा हिशेब. लहानपणी माझी बाहुली तू "खराब होईल" म्हणून कपाटात ठेवायचीस आणि स्वतः खेळायचीस, तसंच.

जाता जाता, तुझ्या नामस्मरणाला कडी बाहेरून लागते का? आमच्याकडे आतून लावतात.

लहान म्हणून सोडून देत आलीस, याही वेळी सोडून दे.

तुझी
धाकटी


ता. २१ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद. (उत्तम वगैरे पुढच्या पत्री.)

तुझं पत्र वाचलं, फाडलं, मग जोडून पुन्हा वाचलं. कडीचं तुला कोणी कळवलं ते मी ओळखलं आहे. रात्री तिच्या पानात दोन पोळ्या जास्त वाढल्या, तेवढ्यावरून ती काय ते समजली.

पालिकेत जाऊन आले. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, माझे साठलेले तास लिहून द्या. तो म्हणाला, आजी, इथे तास साठत नाहीत. मी विचारलं, मग गेले कुठे? तर म्हणतो, सगळ्यांचे जातात तिथेच. इतका पोरसवदा, पण वर्मावर बोट ठेवलंन. तिथल्या बाकावर बसून मी डोळे पुसले. दूध उतू गेलं तर निदान पुसता तरी येतं.

परत येताना बाईंकडून खोलीला कुलूप लागणार असल्याचं कळलं. सुनेचं काम जाणार, आणि तेही माझ्या शहाणपणापायी. मग दारोदार फिरले. पण आता माझं ऐकतं कोण? घड्याळजीच्या बायकोला वाटतं, सगळ्यांचे तास खर्च करवून मी एकटीच शिलकीत राहणार! धोबी म्हणतो, आधी नको म्हणालात, आता पाठव म्हणता, एक काय ते ठरवा.

देवाला हात जोडले आहेत. तूही जोड, तुला फुरसत असते.

ताई


ता. ६ मार्च

चि. सौ. धाकटीस ताईचे अ. उ. आ., मागच्या पत्रातले धरून दुप्पट.

सव्वीस तारखेला तपासनीस आले. मुलं भरली नऊ. त्यांनी दोनदा मोजली आणि म्हणाले, वाईट वाटतं, पण लिहावं लागेल. तोवर सामान मोजून घेतो. असं म्हणून ते सतरंज्यांच्या खोलीत शिरले. बाई मुलांचे हात धुवायला अंगणात गेल्या. मी त्या इवल्याशा खुर्चीत अडकून बसले होते.

तेवढ्यात कडी वाजली. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

देवाशपथ, मी उठणारच होते. पण गुडघा म्हणाला थांब, आणि तोंडात देवाचं नाव आलं. नामस्मरण मध्येच सोडू नये हे तर तुलाही माहीत आहे. आतून हाका ऐकू येत होत्या, मी एकाग्र होते. इतक्यात घड्याळजीची बायको जुळ्यांना ओढत आली. म्हणाली, तुमच्यावर विश्वास ठेवून नव्हे, यांनी दुकानातली दोन घड्याळं उघडली म्हणून आणलंय. मागोमाग धोबी, नातू खांद्यावर. मग मी जप पुरा केला आणि कडी काढली.

तपासनीस घामाघूम, केसांत सतरंजीचे धागे. म्हणाले, कडी कोणी लावली? भिंगरीने हात वर केला. विचारलं की हात वर करायचा, हे बाईंनी शिकवलं आहे. शिक्षण वाया जात नाही ते असं. त्यांनी पुन्हा मोजली, बारा. म्हणाले, ही मुलं उशिरा आलेली दिसतात. मी म्हटलं, साहेब, तुम्ही तर आत होतात, तुम्हाला कसं कळणार? ते हसू लागले आणि बारा लिहिले. खाली शेरा मारला: कड्या उंचावर बसवाव्यात, खर्च पालिकेचा.

सूनबाई एक तारखेपासून कामावर जाते. भिंगरीला रोज नऊला मी सोडते. पहिल्या दिवशी दाराशी थांबले, म्हटलं रडेल. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. खडूंची पेटी काखोटीला मारून आत गेली ती गेलीच.

मग घर. डबे दोनदा घासले. वाळवण्यासारखं काही नव्हतं, तेही वाळवलं. बारा वाजता वाजत नाहीत. तू लिहिलंस ते खरं होतं, यापलीकडे मी लिहिणार नाही. त्या कारकुनाचं बोलणं मात्र डोक्यातून जात नाही. तुझी भेटही मी बारा वर्षं अशीच शिल्लक टाकत आले. ते तास कुठल्या खिडकीत मागू?

तर तू ये. भाडं मी देते. वाचलंस ते बरोबर आहे, पुन्हा वाचू नकोस. नऊ ते बारामध्ये पोचेल अशी गाडी बघ. बारा वाजता मला नातीला आणायला जायचं असतं. कोणत्या दिवशी येतेस ते उलट टपाली कळव.

वाट पाहणारी
ताई

ता. क. घरची कडीही पालिकेच्या खर्चात उंच करून देता का, असं तपासनिसांना विचारलं होतं. नाही म्हणाले. तेव्हा येताना एक मोठी कडी आण, आणि तोवर न्हाणीघरात जाताना नामस्मरणाची तयारी ठेव.