हुबळीचे पेढे

मलकापूर,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. राजेश्वरीअक्कास,
धाकट्या नानासोचा वाकून नमस्कार. इथं सगळं ठीक. दाजींचा गुडघा काय म्हणतोय?

परवा वाईजवळ एका घरी कपभर चहा प्यालो. तो मला काय भावाला पडला ते ऐक. जळालेल्या मोटरी भरायचं माझं दुकान दिवसभर बंद, एस.टी.चे धक्के, तुझ्या भावजयीचा, रंगूबाईचा अबोला (अजून चालू आहे) आणि आपली हुबळी. हुबळीचं शेवटी सांगतो.

मागं कळवलं होतं ना, सरकारी मनोरुग्णालयांवर नजर ठेवणाऱ्या मंडळावर मला घेतलंय म्हणून? हे मंडळ दवाखान्याच्या हाताखाली नाही. अध्यक्ष न्यायाधीश बाई आहेत. माझ्या जागेवर सबंध जिल्ह्यातून एकटा मी! तोही नववी नापास. दाजींना दोनदा सांग.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याच्या पाहणीला गेलो. दारातच शाली-नारळ घेऊन उभे. बाई म्हणाल्या, "सत्कार घेतला की आपण पाहुणे. आणि पाहुण्याला कुणी मोरी दाखवत नाही." शाली परत. चहासुद्धा नाही.

बायकांच्या वॉर्डात जिला विचारावं तिचं एकच उत्तर, "बरं हाय." नर्सबाई शेजारीच उभ्या! पण माझे कान तुला ठाऊक आहेत, रस्त्यावरनं मोटर ऐकून बेअरिंग गेलंय का सांगतो. सगळे फायलीत डोकं घालून असताना, चादरींच्या घड्या घालणारी भामाबाई शेजारणीला हळूच म्हणाली, "माझी म्हस आता कितव्यांदा व्याली असंल गं?"

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी नर्सला बाहेर पाठवून भामाबाईला खुर्ची दिली. "घरी जायचंय?"

"जायचंय की. पर भाऊ न्हेत न्हाई."

डॉक्टरही मोकळेपणानं म्हणाले, वर्षभरात हिला काही त्रास नाही, न्यायला कुणी येत नाही म्हणून राहिलीय. बाईंनी तिथंच बजावलं, तिला जायचं असेल तर अडवायचं नाही. पण भामाबाई जाणार कुठं? म्हणून परवा दवाखान्यातल्या समाजसेविका क्षमाताई आणि मी तिच्या भावाकडं, दादासोकडं गेलो.

माणूस वाईट नाही. आल्या आल्या चहा टाकायला सांगितला. क्षमाताईंनी गोळ्या, तपासणी सगळं समजावलं. तो नुसती मान हलवत होता. मग माझ्याकडं वळला. "आवं नानासो, तुमचं बोलायला काय जातंय? पोरीचं लगीन ठरवायचंय. लोक नाव ठेवतील. तितनं आलेलं माणूस परत माणसात येतंय व्हय?"

चहा आला होता. एक घोट घेतला आणि म्हणालो, "दादासो, मी तितनंच आलोय. चार महिने हुतो. आज दुकानात तिघं माझ्या हाताखाली हायती. बोला, माझ्या पंगतीला बसाल का न्हाई?"

त्यानं माझ्या कपाकडं बघितलं. मग आत ओरडला, "आगं, पाव्हण्यांस्नी आजून थोडा आण." आणि खाली बघून म्हणाला, "म्हस तिसऱ्यांदा व्याली म्हणावं तिला."

काल तो दवाखान्यात येऊन तिला घेऊन गेला, मीही गेलो होतो. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रेडा झालाय का रेडी, एवढंच भावाला विचारत होती. मला लय बरं वाटलं.

अक्का, दादासोची सासुरवाडी तुमची आटपाडी. म्हणजे मी तिथं बोललो ते तुझ्या दारी येणारच. त्याआधी माझ्याकडून कळावं. फोन केला नाही, कारण तू मधेच रडशील आणि माझं वाक्य अर्धंच राहील. आबा गेले त्या वर्षी ते चार महिने मी हुबळीला कामाला नव्हतो. येताना आणलेले पेढे, ज्यांची चव तू अजून सांगतेस, ते कराडच्या स्टँडवर घेतलेले.

अबोला धरण्याआधी रंगूबाई एवढंच म्हणाली, "झाकायचं मी, आणि सांगून मोकळं व्हायचं तुमी!" खरं आहे तिचं. पण झोप छान लागतेय.

रागाव, पण ये. पेढे मी आणतो.

हुबळी अजून न पाहिलेला,
तुझा नानासो

ता.क. दाजींना सांगून झालं असेल तर तेवढं दुरुस्त कर. ती जागा आजारातून उठलेल्या माणसासाठी राखीव होती. सबंध जिल्ह्यातून अर्ज एकच आला होता.