हिरवी फुली

मंगळवार, ९ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. शिरसाष्टांग घालायला गुडघे साथ देत नाहीत आणि मनही देत नाही, तेव्हा नुसत्या नमस्कारावर भागव. वहिनीची पाठ कशी आहे? मी बरी आहे. माझ्या दोन खोल्यांत टेबल खिडकीशी लावलंय, उजेड डावीकडून येतो, बाबा सांगायचे तसा. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, शाळांची ओळखपत्रं असं काम येत असतं. मागच्या आठवड्यात एका शिंप्याची पाटी केली. त्याला सोनेरीवर पिवळी अक्षरं हवी होती. मी त्याला रस्त्याच्या पलीकडे उभं करून नमुना दाखवला, तेव्हा कुठे पटलं.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. आपल्या डिझायनर संघटनेची नवी आचारसंहिता, चोवीस पानं, छापायला जाण्याआधीचं प्रूफ. त्यावर तुझी चिठ्ठी: 'बारके, झालं गेलं विसर. एकदा नजर टाक, तुझ्याइतकं बारीक कोणी बघत नाही.' अकरा वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. आधी मला हसू आलं. मग चिठ्ठी पुन्हा वाचली आणि हातातला कप बशीत असा आपटला की बशी तडकली. ती अजून फेकलेली नाही.

प्रूफ तपासून सोबत परत पाठवते आहे. पान चारवर उजवीकडची मोकळी जागा कमी आहे, शिवणीत अक्षरं जातील. पान सातवर एक ओळ दोनदा आली आहे. पान बारावरचा तुझा फोटो लहान कर. रविवारी तू अध्यक्ष होणार हे सगळ्यांना माहीत आहे, ते अर्ध्या पानात सांगायची गरज नाही.

आता कलम अकरा. 'अंतिम प्रूफवर ज्याची सही, कामाची जबाबदारी त्याची.'

दादा, हे लिहिताना तुला काहीच आठवलं नाही? माझ्या गळ्यात अडकवलेली धोंड तू छान चौकट आखून, ठळक अक्षरांत सगळ्या व्यवसायाच्या गळ्यात अडकवतो आहेस. उद्या प्रत्येक स्टुडिओत मालक बदल सांगतील आणि सर्वांत नवख्या मुलीपुढे कागद सरकवतील. सही कर गं, घाई आहे. ती करेल. मीही केली होती.

हे पत्र वहिनीही वाचेल. ती तेव्हा तिच्या आजारी आईकडे होती, तिला फक्त तुझी बाजू ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

वहिनी, आमच्या बाबांची शिस्त होती की प्रूफवर शब्द लिहायचा नाही, काम घाण होतं. फुली म्हणजे काढा, गोल म्हणजे शंका, बरोबरची खूण म्हणजे जाऊ द्या. कोणी काय सांगितलं ते पेन्सिलीच्या रंगावरून कळायचं. दादाची हिरवी, माझी तपकिरी. ते पाट्या रंगवायचे तेव्हापासूनची ही पद्धत आम्ही स्टुडिओतही चालवली.

औषध कंपनीचं काम आलं. डोळ्यांत घालायचे थेंब आणि कानात घालायचे थेंब, दोन खोकी. मी डोळ्यांचं निळं केलं आणि कानाचं केशरी. वर मोठं चित्र, यावर डोळा, त्यावर कान, म्हणजे चष्मा न लावताही कळावं. कंपनीच्या साहेबाला दोन्ही खोकी एका घराण्यातली दिसायला हवी होती. दादाने केशरीवर हिरवी फुली मारली आणि निळ्याकडे बाण काढला. चित्रांवर दुसरी फुली. मी त्याभोवती तपकिरी गोल केला, एकदा नाही, तीनदा. त्याच्याशेजारी हिरवी बरोबरची खूण आली, ठसठशीत. आणि खाली माझी सही.

दादा, पुढचं तुला माहीत आहे. एका सुताराच्या घरी दोन्ही खोकी एकाच फळीवर होती. त्याच्या डोळ्यांत भुसा गेला होता, बायकोचा कान दुखत होता. लेकीने बापाला आडवं केलं आणि चुकीच्या बाटलीतले थेंब त्याच्या डाव्या डोळ्यात घातले. डोळा गेला.

संघटनेने चौकशी समिती बसवली. तू प्रूफची झेरॉक्स दिलीस, काळीपांढरी. त्यात हिरवं आणि तपकिरी सारखंच राखाडी. तिथे नाव असलेली एकच गोष्ट होती, माझी सही. मी म्हणाले, फुली दादाची आहे. तू म्हणालास, 'इतकी कामं असतात, आता आठवत नाही, पण रंग बघण्याचं काम हिचंच.' किती साळसूदपणे म्हणालास. माझं सदस्यत्व रद्द झालं, आपल्या स्टुडिओच्या पाटीवरून माझं नाव गेलं आणि तू नवीन पाटी स्वतः रंगवलीस. आई त्यानंतर दीड वर्ष होती. तिने शेवटपर्यंत मला एकच विचारलं, 'पण तू नीट बघितलं का नाहीस?' त्या प्रश्नासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही. तळतळाट म्हणतात तो हाच, असं समज.

तर, मूळ प्रूफ सापडलं आहे. ती खोकी छापणाऱ्या मिशीवाल्या काकांचा छापखाना बंद झाला, त्यांच्या जुन्या सामानात निघालं.

असं लिहून मी उठले, खिडकीत जाऊन उभी राहिले आणि परत आले. पानं फाडून पुन्हा लिहिणार होते. फाडत नाही. ते खोटं आहे.

मूळ प्रूफ अकरा वर्षं माझ्याच टेबलाच्या खणात आहे. झेरॉक्स काढून तू पाकीट माझ्यासमोर ठेवलंस, मी ते पिशवीत घालून घरी नेलं. समितीने मूळ कागद मागितला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, सापडत नाही. तुझा चेहरा किती पटकन सैल झाला ते मला आजही दिसतं. तुला वाटलं असेल, बहिणीने वाचवलं. मी तुला वाचवत नव्हते.

त्या कागदावर नुसती हिरवी फुली असती तर मी धावत जाऊन समितीच्या टेबलावर आपटला असता. पण खाली माझी सही होती, तीन गोलांच्या खाली. मला दिसलं होतं की ही खोकी कोणीतरी अदलाबदल करणार. दिसलं, तीनदा दाखवलं आणि मग सही केली, कारण तू दारात उभं राहून म्हणालास, 'बारके, आता पुरे.' रंगीत कागद पुढे आला असता तर तुझं नाव गेलं असतं, माझं मात्र परत आलं नसतं. त्यापेक्षा भावाने बुडवलेली बहीण होऊन राहणं मला सोपं वाटलं. लोक हळहळायचे. मलाही स्वतःची दया यायची आणि त्यात बरीच वर्षं गेली. लाज वाटते लिहायला, पण आहे ते असं आहे.

ते कलम अकरा वाचलं आणि शनिवारी मी सुतारकाकांच्या घरी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एका खोलीत रंधा, पटाशी, दोन अर्धवट खुर्च्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद खिडकीशी धरला, मान जरा डावीकडे वळवून, कारण बघायचं ते उजव्यानेच.

"ही हिरवी तुमच्या भावाची?"

"हो."

"आणि सही तुमची. मग एवढं दिसत होतं तर केलीत कशाला?"

"दादा म्हणाला म्हणून."

त्यांनी कागद रंध्याशेजारी ठेवला. मग म्हणाले, "माझी पोरगी घरी येत नाही. आली तर माझ्याकडे बघत नाही. तिला वाटतं, डोळा तिने घालवला. बाई, हा कागद तिला दाखवू का?"

मी कागद तिथेच ठेवून आले. त्यामुळे फोन करून, गोड बोलून, वहिनीला मध्ये घालून तो माझ्याकडून मिळणार नाही. आधीच काढून ठेवलेल्या रंगीत प्रती काल कार्यकारिणीच्या सातही जणांना रवाना केल्या, सोबत माझा जबाब. त्यात माझी सही, माझं खोटं, सगळं आहे. तुला बुडवायचं तर मला तुझ्याच होडीत बसावं लागणार होतं. बसले आहे. तुझा चेहरा जवळून दिसेल.

रविवारी सुतारकाका सभागृहात असतील, पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, म्हणजे त्यांना व्यासपीठ नीट दिसेल. शेजारी त्यांची लेक असेल. ती यायला तयार झाली आहे. मूळ प्रूफ तिच्या मांडीवर असेल. त्यांना पाणी विचार.

तू कलम अकरा वाचायला उभा राहशील. मी त्याच्यापुढे तपकिरी गोल केला आहे, एकच, आता तीनदा करणार नाही. खाली नवीन ओळ टाकली आहे: 'ज्याने बदल सांगितला त्याची जबाबदारी सही करणाऱ्याइतकीच.' त्याच्याशेजारी जागा मोकळी सोडली आहे. पाकिटात तुझी एक जुनी हिरवी पेन्सिल आहे, बोटभर उरलेली. मी तिला टोक करून ठेवलं आहे. बरोबरची खूण करायची की फुली मारायची ते त्या मुलीच्या देखत ठरव.

वहिनीला नमस्कार. पाठीला शेक देत जा म्हणावं.

पत्राखाली सही करते आहे, तपकिरी पेन्सिलीने. दारात कोणी उभं नाही.

तुझी धाकटी बहीण,
बारकी