चौथी स्लाइड

४ ऑगस्ट, सोमवार
पुतणीचं काहीतरी चाललंय! मी स्वयंपाकघरात गेले की ही आणि हे कुजबुजतात. बाहेर आले की दोघं चिडीचूप. तोंडावर परीक्षा, मेडिकल कॉलेजात पोरांनी ओळखायच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड लावणार मी, आणि ही विद्यार्थिनी माझ्याच घरात राहते. मला काय दूधखुळी समजते?

५ ऑगस्ट
भांडी घासताना म्हणाली, "काकू, लिम्फ नोड सुजला आणि दुखत नसेल, तर ते जास्त वाईट ना?" किती साळसूदपणे! परीक्षेत लिम्फ नोडची, म्हणजे लसिकाग्रंथीची, स्लाइड येणार का, याचा अंदाज घेणं चाललंय. म्हटलं, "परीक्षा झाल्यावर विचार." चेहरा पडला. पडू दे.

७ ऑगस्ट
वर्गात थायमस शिकवला. पांढऱ्या पेशींची शाळाच ती. जी पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजते, तिला तिथेच संपवतात. बहुतेक नापासच होतात म्हटल्यावर पोरं हसली. ही हसली नाही. एकटक माझ्याकडे बघत होती — चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. कपड्यांवर काही सांडलं की काय, म्हणून मीच दोनदा पाहिलं.

८ ऑगस्ट
माझं कपाट उघडून फायली उपसताना रंगेहाथ सापडली! "काही नाही काकू, असंच." असंच! ह्यांना सांगितलं तर म्हणे, "अगं, लेकरू आहे, मागे नको लागूस तिच्या." म्हणजे हेही सामील. दिरांनी विश्वासाने ठेवलीय हिला माझ्याकडे. पेपर फोडताना पकडली गेली तर तिचं वर्ष जाईल आणि माझी नोकरी.

१० ऑगस्ट, रविवार
सापळा लावला. उत्तरांचा कागद जेवणाच्या टेबलावर 'विसरले'. त्यात चौथ्या स्लाइडपुढे लिम्फ नोड. प्रत्यक्षात लावणार टॉन्सिल! दोन्हींत पेशींचे गोल पुंजके, मधे फिकट. तेवढंच पाहिलं तर कुणीही फसेल. पण टॉन्सिलवर तोंडातल्यासारखं अस्तर असतं, ते खोल खाचांत उतरतं. नोडला नुसतं पातळ आवरण आणि त्याखाली गाळणीसारखी पोकळी. कागद वाचला असेल तर लिहीलच लिम्फ नोड. बघूच!

११ ऑगस्ट
कागद माझ्या पर्समध्ये सापडला, व्यवस्थित घडी घालून. म्हणजे वाचलाच!

आज परीक्षा झाली, उत्तरं तपासली, आणि हिने लिहिलंय — टॉन्सिल. अस्तर, खाचा, सगळं बरोबर. आकृतीसुद्धा सुरेख. सापळा ओळखला की! भलतीच पोहोचलेली आहे.

१२ ऑगस्ट
शेवटी तोंडावर विचारलं, "कपाटात काय शोधत होतीस?" रडायलाच लागली. "तुझे रक्ताचे जुने रिपोर्ट. आणि तो कागद तू विसरलीस म्हणून पर्समध्ये ठेवला गं, वाचलासुद्धा नाही. कधीची सांगायला बघतेय, तर तू म्हणतेस परीक्षा झाल्यावर. झाली ना आता परीक्षा?"

हे दारात उभे होते. म्हणाले, "आरशासमोर जा. मान जरा उजवीकडे वळव."

नाही गेले. राग आला म्हणून नाही. खोटं कशाला लिहू, भीती वाटली.

१३ ऑगस्ट
हात लावून पाहिला. डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या जरा वर. शेंगदाण्याएवढी गाठ.

दाबून पाहिली. दुखत नाही.