टोपीवाल्याचं मौन

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण मतं कुठेतरी नोंदवून ठेवलेली बरी, कारण लोक ऐकून घेत नाहीत.

खुंटीच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात नेहमीची बैठक. विषय: आजच्या काळातला सर्वात अंडररेटेड गिटारवादक. मी माझी मतं पुन्हा एकदा स्पष्ट केली. भराभर वाजवणं म्हणजे टायपिंग. लाइव्ह अल्बम म्हणजे आपल्या पैशाने दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकणं. आणि सर्वात अंडररेटेड गिटारवादक म्हणजे टोपीवाला. त्याच बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्यावर, चष्मिसवर, सगळं जग फिदा, आणि बाजूला टोपी घालून उभ्या असलेल्या या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

सगळे हसले. खुंटीसुद्धा. शाळेत एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला, आणि हा हसतो. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाद्यातलं कळतं हा एक मोठा गैरसमज आहे.

पैज लागली. १५ तारखेला दुकानातच माझं भाषण, मग हात वर करून मतदान. जिंकलो तर काउंटरमागे टोपीवाल्याचा फोटो. हरलो तर त्या दुकानात टोपीवाल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

हरण्याचा प्रश्नच येत नाही.

३ मार्च, मंगळवार
भाषणाची तयारी. विषय ठरला: 'मौन'.

टोपीवाल्याचं मोठेपण तो काय वाजवतो यात नाहीच. तो दोन-चार सूर वाजवतो आणि थांबतो. चक्क थांबतो! दुसऱ्या कुणाची छाती झाली असती? ड्रम चालू आहेत, लोक वाट बघताहेत, आणि हा पठ्ठ्या गप्प. मग पुन्हा दोन-चार सूर. पुन्हा गप्प. हेडफोन लावून डोळे मिटले की त्या शांततेने अंगावर काटा येतो. गेल्या वर्षी हा बँड मला सापडला तेव्हापासून रोज येतो आहे.

हेडफोनबद्दलही लिहायला हवं. महाग पडले, पण वसूल झाले. विशेषतः उजवी बाजू. तिथून फक्त शुद्ध शांतता येते. स्वस्तातल्या वस्तूत हे मिळत नाही.

ऐकत असताना दूध उतू गेलं. ही म्हणते, उजवीकडे येऊन तीनदा सांगितलं. साफ खोटं. हल्ली ही मनातल्या मनात बोलते आणि ऐकलं नाही म्हणून माझ्यावर चिडते.

४ मार्च, बुधवार
ऑफिस. आमचा तक्रार विभाग. दिवसभर फोन: मिक्सर आवाज फार करतो, पंखा आवाज फार करतो. या लोकांना मौनाची किंमत तरी आहे. टोपीवाला यांच्यात लोकप्रिय होईल.

दुपारी साहेब उजवीकडून येऊन काहीतरी पुटपुटले. मी समजूतदारपणे मान डोलावली. संध्याकाळी कळलं, गोदामातल्या मालाची मोजणी मी आनंदाने अंगावर घेतली आहे. इतर दोघं खाली मान घालून हसत होते. ऑफिसात मित्र असे.

८ मार्च, रविवार
प्राध्यापक विरघळला! हा खरं तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, पण ब्रेकबद्दलही तास तास बोलतो म्हणून प्राध्यापक. आज माझ्या उजव्या हाताला बसला होता. मी मौनाबद्दल बोलत असताना हूं की चूं नाही. मधून मधून ओठ तेवढे हलत होते. भारावला असणार. मीही त्याच्याकडे बघून मान डोलावत होतो. का कोण जाणे, बाकीचे फार हसले. विचार नवा असला की लोक हसतातच.

खुंटीने मात्र खोडा घातला. म्हणाला, अरे बाबा, टोपीवाला थांबतो तिथे चष्मिस वाजवतो, तुला ऐकू येत नाही का? म्हणजे झालंच. आकाशातून वीज पडली तरी यांना तीत चष्मिसची गिटार ऐकू येणार. मी म्हटलं, त्या जागी काहीही नाही, मी रोज ऐकतो. खुंटी म्हणाला, थांब, स्पीकरवर लावतो. मी हात धरला. संगीत स्पीकरवर ऐकणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही. खुंटीने माझ्या उजव्या कानाकडे निरखून बघितलं. मग त्याने विषय बदलला. मुद्दे संपले की असंच होतं.

निश्चय: १५ तारखेनंतर खुंटीला मोठ्या मनाने माफ करायचं.

१२ मार्च, गुरुवार
हिला भाषण वाचून दाखवलं. ही म्हणाली, कान दाखवून घ्या. मी म्हटलं, मी गिटारवादकाबद्दल बोलतोय. ही म्हणाली, मीही त्याबद्दलच बोलतेय. गाढवाला गुळाची चव काय!

नंतर फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत होती. मी गेल्यावर फोन ठेवला. कोण होतं विचारलं तर म्हणाली, खुंटीभावोजी. काय काम होतं विचारलं तर म्हणाली, काही नाही.

काही नाही? माझी बायको आणि माझा प्रतिस्पर्धी, भाषणाच्या तोंडावर, काही नाही?

१५ मार्च, रविवार
लिहायचं मन नाही. तरी लिहितो, कारण इतिहासाला खरं कळलं पाहिजे.

दुकान भरलं होतं. भाषण उत्तम झालं. कुणी जांभई दिली नाही. खुंटी म्हणाला, सगळ्यांना एकदम ऐकवायचं तर स्पीकर हवाच. आज एक दिवस तत्त्वाला मुरड घातली. सगळ्यांना म्हटलं, आता टोपीवाला थांबेल. डोळे मिटा. आणि मौन ऐका.

टोपीवाला थांबला.

आणि दुसरीच गिटार वाजायला लागली! स्पष्ट. खणखणीत. टोपीवाला दोन-चार सूर वाजवणार, थांबणार, की लगेच ती दुसरी बया त्याच्यावर बोलणार. जिथे माझं मौन होतं त्या प्रत्येक जागी! खोलीत कुणालाच नवल वाटलं नाही, म्हणजे सगळे सामील.

मी खुंटीला सरळ विचारलं, रेकॉर्डिंगमध्ये हे काय मिसळलंस? तो म्हणाला, काही नाही रे, गाणं असंच आहे. मी म्हटलं, शाळेपासून ओळखतो तुला. घरभेद्या, माझ्या बायकोला फितवलंस आणि आता माझा टोपीवाला बाटवलास. तो म्हणाला, बस जरा, पाणी पी, मतदान तर होऊ दे. त्या मतदानाची मला गरज नाही असं सांगून बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. निदान ऐकू तरी आलं नाही.

फार वाईट वाटलं. चष्मिसवाले जिंकले याचं नाही. खुंटीने केलं याचं.

१६ मार्च, सोमवार
त्या दुकानाची पायरी चढायची नाही. घरी येऊन पुन्हा हेडफोनवर ऐकलं. मौन जागच्या जागी आहे. म्हणजे मिसळलंच होतं. पुरावा मिळाला.

१८ मार्च, बुधवार
तरी खात्रीसाठी हेडफोनच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने स्वतःच्या कानाला लावून बघितले. म्हणाली, काका, दोन्ही बाजू मस्त वाजताहेत. मग मला म्हणाली, उलटे घालून बघा. घातले.

टोपीवाला गायब. डाव्या कानात नुसता चष्मिस!

आता सगळं लक्षात आलं. कंपनीसुद्धा चष्मिसवाल्यांची आहे. मुलगी हळूच म्हणाली, काका, कान एकदा दाखवता का? जिथे जावं तिथे हिची माणसं.

२० मार्च, शुक्रवार
ही मला भाजी आणायला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशी फसवणूक.

डॉक्टरबाईंनी उजव्या कानात दिवा घालून बघितलं आणि नर्सला हाक मारून तिलाही दाखवलं. मग कोमट पाण्याची पिचकारी. ट्रेमध्ये काहीतरी पडलं. हरभऱ्याएवढं, काळपट. बाई म्हणाल्या, मळ आहे, बराच जुना दिसतो.

वर्षभर मी त्याला मौन म्हणत होतो.

बाहेर आलो तर रस्ता अंगावर आला. हॉर्न, चपला, कुणाच्या तरी किल्ल्या. ही उजवीकडून म्हणाली, दुखलं का हो? किती हळू विचारलं. मला वाटायचं हिचा आवाज चिरका आहे. चिरका नव्हता. ही बिचारी वर्षभर ओरडत होती.

रिक्षात हिला मुद्दाम उजवीकडे बसवलं. लाज वाटत होती. हिला म्हटलं, भाजी राहिली.

२१ मार्च, शनिवार
दोन्ही कानांनी ऐकलं.

टोपीवाला विचारतो, चष्मिस उत्तर देतो. टोपीवाला गप्प बसतो तो मोठेपणाने नाही, समोरच्याचं ऐकून घ्यायला. दोघं गप्पा मारतात. मी वर्षभर फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याची तारीफ करत होतो.

चष्मिस चांगला वाजवतो. हे लिहायला अर्धा तास गेला. टोपीवाला ठीक. ठीकच. साथीला बरा.

उद्या खुंटीकडे जायचं. माफी वगैरे नाही, फक्त स्पष्टीकरण द्यायचं. कान साफ झाला हे सांगायचं. मग तो हसेल, मी हसेन, आणि चष्मिस अंडररेटेड आहे की ओव्हररेटेड यावर पुन्हा भांडता येईल. आठवडाभर भांडलो नाही, करमत नाहीये.

२२ मार्च, रविवार
गेलो. दुकानाचं दार उघडंच होतं. आत माझंच नाव चाललं होतं म्हणून पायरीवर थांबलो. सगळं नीट ऐकू आलं.

प्राध्यापक सांगत होता, मी मुद्दाम त्याच्या उजवीकडे बसतो, तोंडाला येईल ते बोलतो, त्याच्या टोपीवाल्याला शिव्या घालतो, हा आपला मान डोलावतो. हशा. मग कुणीतरी म्हणालं, आपलं तर ठरलं होतं ना, सगळ्यांनी टोपीवाल्यालाच मत द्यायचं? खुंटी म्हणाला, हो ना रे. वहिनींना शब्द दिला होता, की हरला तर घरी दारी सगळ्यांना छळेल, आपण जिंकवू त्याला. फोटोसुद्धा आणून ठेवलाय. तर हा मत पडायच्या आतच निघून गेला. आता आला तर कुणी हसू नका. चुपचाप हात वर करा.

परत फिरणार होतो. पण मग रविवारी जायचं कुठे?

पाय वाजवत आत गेलो. सगळे एकदम चूप. खुंटी उठला, त्याने मला त्याच्याजवळचं स्टूल दिलं आणि मोठ्याने विचारलं, कान दाखवलास का रे?

मी डावा कान त्याच्याकडे केला. काय म्हणालास, असं विचारलं. तो आणखी मोठ्याने ओरडला. मी म्हटलं, दाखवला, पण काही फरक नाही.

मग राहिलेलं मतदान झालं. टोपीवाल्यासाठी सगळ्यांचे हात लगेच वर गेले. खुंटीचा सगळ्यात आधी.

माझा सगळ्यात शेवटी.