शेवटच्या बाकावरची जागा

३ तारीख, सोमवार

मुलगा अजून डोळे उघडत नाही. भिंत रंगवताना परांचीवरून पडला, डब्यासकट, डोक्यावर. डॉक्टर म्हणतो वाट बघा. वाट बघायला मी काय बसस्टॉपवर उभी आहे?

पाळकसाहेबांना चर्चच्या दारात गाठलं. विचारलं, जन्मभर पहिल्या बाकावर बसून प्रार्थना करते, देवाला माझं ऐकू कसं जात नाही? म्हणाले, आजी, तुम्ही प्रार्थना नाही करत, हुकूम सोडता. जरा नम्र व्हा.

होते. त्यात काय एवढं? एकदा मनावर घेतलं की अख्ख्या मंडळीत माझ्याइतकं नम्र कोणी सापडणार नाही.

४ तारीख, सकाळी

उपास. पाण्याचा थेंबही नाही.

४ तारीख, दुपारी

चहा घेतला. चहा पितात, खात नाहीत. त्यात बिस्कीट पडलं. अन्न टाकणं पाप. चार पडली.

५ तारीख, बुधवार

सूनबाई दवाखान्यातून आली, डोळे सुजलेले. नम्रपणे बोलायचं ठरवूनच बसले होते. म्हटलं, बाई गं, मी पापी, मी पायाची धूळ, पण भाजीत एवढं मीठ घालतात का? म्हणाली, आई, भाजी तुम्हीच केलीत.

गप्प बसले. हाही नम्रपणाच. वर नोंद झाली असेल.

मुलगा तसाच.

८ तारीख, शनिवार

युक्ती सापडली! शास्त्रातच आहे. मेजवानीला गेलात तर सगळ्यात खालच्या जागी बसा, यजमान स्वतः येऊन वर बसवतो. उद्या शेवटचा बाक. दाराशी, ओल्या छत्र्यांच्या पिंपाजवळ. देवाला दिसेल, लेकरू उठेल. कपडे जुनेच घालणार, पण इस्त्रीचे.

९ तारीख, रविवार

घात झाला. शेवटच्या बाकावर शिंपीणबाई! म्हणे लग्न होऊन आल्यापासून तिथेच बसते. म्हटलं, सरक, आज ही जागा मला हवी. म्हणाली, पुढे तुझी गादी अंथरलेली आहे ना, तिथे जा की. म्हटलं, मला खाली बसायचंय, तुझ्याही खाली. म्हणाली, माझ्याखाली फक्त फरशी आहे, बस.

मी कोपर मारलं. तिने छत्रीने ढोसलं. पिंप आडवं झालं. गाणं थांबलं, सगळ्या माना मागे. पाळकसाहेब स्वतः आले, माझा दंड धरला आणि नेऊन बसवलं पहिल्या बाकावर, गादीवर.

म्हणजे शास्त्र खोटं नाही. यजमान आला, वर बसवलं.

मग पोराचे डोळे मिटलेलेच का? आता माझं काय चुकलं?

१० तारीख, सोमवार, संध्याकाळी

पोराला ताप चढलाय. डॉक्टर म्हणाला, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी म्हटलं, मी जवळच आहे, आणखी किती जवळ येऊ? तो नुसता कागद चाळत राहिला. एरवी माझ्यापुढे न बोलणारी माणसं मला आवडतात.

दवाखान्याच्या जिन्याखाली गेले. तिथे कोणी नव्हतं. गुडघे टेकले. गादीची सवय, फरशी हाडांना लागली. लांबलचक प्रार्थना पाठ करून ठेवली होती, त्यातलं एक अक्षर आठवेना. देवा, एवढंच म्हटलं. पुढे तोंडच उघडेना. माझं तोंड!

मग उठायला गेले तर गुडघे उठेनात. तशीच चार पायांवर राहिले, गुरासारखी. रडत नव्हते. नाक गळत होतं.

सूनबाई शोधत आली. म्हणाली, आई, खाली काय करताय? म्हटलं, चष्मा पडला.

चष्मा नाकावर होता. तिला दिसत होता.

ती माझ्या शेजारी फरशीवर बसली आणि हात फिरवून चष्मा शोधायला लागली. मीही शोधत राहिले.