बरण्यांची खोली आणि तिचे वारस

स्थावर-जंगमाकडे वळण्यापूर्वी एक तक्रार नोंदवून ठेवतो. माझ्या काचेच्या नरसाळ्यातून या घरात कोणीतरी खाण्याचे तेल ओतले आहे. कोणी, ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही, कारण आजचे जेवण तिच्याच हातचे आहे.

आता मुद्द्याचे. मी, खाली सही करणारा, व्यवसायाने संस्कृतचा शिक्षक, नाकाच्या मागे वाढलेली गाठ उद्या शस्त्रक्रियेने काढून घेणार आहे. तत्पूर्वी, बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि थोरल्या बंधूंच्या दडपणाला मुद्दाम न जुमानता, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे ते स्वहस्ते लिहून ठेवतो.

एक. तळमजल्याचे घर व बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीकडे जावी. मुलाने हरकत घेऊ नये. तो घेणारही नाही. त्याला हरकत घ्यायलासुद्धा वेळ नसतो. हे कलम लिहीत असता पत्नी मागे येऊन उभी राहिली.

"मृत्युपत्र लिहिताय की टोमणे मारताय?"

"शाई एकच लागते," मी म्हणालो.

दोन. मागील अंगणाकडची खोली, तिच्यातील सर्व बरण्या, नळ्या, गाळण्या आणि आंबत असलेला माल, तसेच अंगणातील गुलाब, जास्वंद, पुदिना व गवती चहा, हे सर्व माझ्या सुनेकडे पूर्ण मालकी हक्काने जावे. खोली वेगळी लिहून देण्याचे कारण वरच्या मजल्यावर राहते. माझे बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, गेल्या आठवड्यात जिन्यातूनच मला म्हणाले, "परत आलास तर हा उद्योग बंद कर. नाही आलास तर मी करीन. आपल्या घरात पोथ्या होत्या, तू दारू गाळतोस."

दादांच्या माहितीसाठी: मी गाळत नाही, आंबवतो. मध, पाणी, किण्व आणि फूल, एवढाच हा व्यवहार. (सून किण्वाला यीस्ट म्हणते. ते दोघांचेही ऐकते.) आणि पोथ्यांविषयी बोलायचे तर, मध्वासव, म्हणजे मधाचे मद्य, हा शब्द मी बाजारात शिकलेलो नाही, आपल्याच पोथ्यांत शिकलो. दादांनी त्या उघडल्या असत्या तर त्यांनाही भेटला असता.

तीन. सून बेकरीत काम करते. लग्न होऊन आली त्याच महिन्यात ती खोलीत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, गुलाब आधीच टाकलात? वास सगळा बुडबुड्यांबरोबर उडून जाणार. आंबणं शांत होऊ द्या, मग टाका."

मी तिला विचारले, कोणत्या ग्रंथात आहे हे. ती म्हणाली, "बरणीत आहे. हुंगून बघा."

तेव्हापासून या घरात दोन संप्रदाय आहेत. गुलाब, पुदिना तिच्या मताने शेवटी पडतात. जास्वंद माझ्या मताने आरंभीच, कारण तिला वास नाही, रंग आहे, आणि रंग उडून जात नाही. माझ्या पश्चात तिने जास्वंदही शेवटी टाकू नये. टाकलीच तर निदान मला कळेल असे वागू नये.

चार. फूल बरणीत किती दिवस ठेवावे याचा आकडा मी कोणाला दिलेला नाही, कारण तो नाही. रोज सकाळी दात घासण्यापूर्वी झाकण उघडायचे आणि हुंगायचे. पाकळीचा वास सरून ओल्या पाल्याचा यायला लागला की त्याच घटकेला फूल बाहेर. हे काम आजवर माझ्या नाकाने केले. ते आता सुनेच्या नाकाकडे वर्ग करतो.

पाच. फुलवाल्याकडचे गुलाब या खोलीत येऊ नयेत. दादांनी एकदाच, वहिनींनी खडसावल्यावर, समेट म्हणून भला मोठा गुच्छ आणला आणि मी नसताना स्वतःच्या हाताने मोठ्या बरणीत सोडला. देठापासून पाकळीपर्यंत कीटकनाशक फवारलेले. अख्खी बरणी मोरीत गेली. दादा अजून सांगतात की मी त्यांचा समेट ओतून दिला. कण्हेरही येऊ नये. देखणी आहे, पण विषारी आहे, आणि देखणेपण हा पिण्याचा निकष नव्हे.

सहा. दादांना माझा संस्कृत शब्दकोश द्यावा, आणि तयार पुदिन्याची एक बाटली. बाटली ते घेणार नाहीत. जिन्याच्या पायरीवर ठेवावी आणि आत निघून यावे.

सात. खोलीला नवे कुलूप बसवले आहे. किल्ली सुनेकडे. दादांनी मागितल्यास देऊ नये. रागावल्यास त्यांना बसायला खुर्ची द्यावी, किल्ली देऊ नये.

हे मी वाचून, समजून आणि दोनदा हसून लिहिले आहे. साक्षीदारांना यातून काहीच मिळत नसल्यामुळे त्यांना एकेक पेला आताच दिला. सह्या पेल्याआधी घेतल्या आहेत, याची नोंद व्हावी.

स्थळ: बरण्यांची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार पहिल्या: मध पुरवणाऱ्या बाई. ("माझी सही वाकडी येते, चालेल ना?" चालेल.)
साक्षीदार दुसरे: शेजारचे कुलूपवाले.

यापुढचा मजकूर सह्यांनंतरचा असल्यामुळे कायद्याने ग्राह्य नाही. म्हणूनच इथे लिहितो.

सर्जन म्हणाले, जीव जाण्याइतकी ही शस्त्रक्रिया मोठी नाही. वास मात्र परत येईलच असे सांगता येत नाही. म्हणजे वरची सगळी कलमे बहुधा मी जिवंत असतानाच लागू होतील. मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. मी घरी येईन, सून झाकण उघडून बरणी माझ्या नाकाशी धरील, मला काहीच वास येणार नाही, आणि मी "छान" म्हणेन. तिला ते लगेच कळेल. याची मला भीती वाटते.