तीन कडव्यांची स्कूटर

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईंना,
स. सलाम वि. वि.

लग्नानंतर निघताना तुम्ही माझ्या कानात सांगितलं होतं, की आमच्या खुडबुड्याला माणूस लांबून कळत नाही, त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. त्यानंतर मी समुद्रापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून दोन वर्षं काढून आले, आणि आता शेजारी कुठे उभं राहायचं तेच सापडत नाही. तुमच्या भावाला सगळं येतं! स्वयंपाक येतो, इस्त्री येते. मला चहा पाहुण्यांच्या कपात मिळतो, वर बशीत बिस्किटं. मी साखरेचा डबा शोधायला लागले की हे धावत येतात.

तिकडची एक सवय मात्र सुटत नाही. मिशनची जीप रुसली की सगळ्यांनी उतरायचं, तिच्यावर हात ठेवायचे आणि उपासनेतल्या एखाद्या गीताची तीन कडवी म्हणायची. मग ती चालू व्हायचीच. परवा ड्यूटीला निघताना आपली जुनी स्कूटर खाली यांच्या गॅरेजसमोरच अडली. मी हात ठेवला अन् गायला लागले. हे ओशाळून शेजारी उभे. तिसऱ्या कडव्यानंतर एका किकमध्ये चालू! आता रोज तसंच. यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

लोभ आहेच, वरून अजून थोडा टाका.
आपली,
घरातली पाहुणी

दि. १२ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
अ. आ.

तुझ्या पत्राआधी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. दोन वर्षं ज्याने दर रविवारी मला फक्त हवामान सांगितलं, तो चक्क अर्धा तास बोलला. म्हणे, मेकॅनिकच्या दारात मेकॅनिकचीच बायको गाडीवर हात ठेवून गाते, धंद्याची अब्रू काय राहिली? डॉक्टरीणबाई मोटार घेऊन आल्या आणि विचारलं काय, तर गाणाऱ्या बाई किती वाजता असतात!

त्याचं म्हणणं, इंजिनात साचलेलं जास्तीचं पेट्रोल उडून जायला जरा वेळ लागतो, एवढंच; तेवढ्यात कुणी नाक शिंकरलं तरी गाडी चालू होईल. मी म्हटलं, मग शिंकर. हसला नाही मेला. शेवटी मीच तोड काढली, की एवढी लाज वाटते तर गाडी नीट कर, जगाच्या करतोसच ना! तेव्हा तुझ्यामागची कटकट मिटली म्हणून समज.

साखरेच्या डब्यावर मात्र हक्क सांग. दुसरी वहिनी शोधायचं माझं वय नाही.
तुझी,
ताई

दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईंना,
स. सलाम वि. वि.

तुमच्या तोडीने घात केला. रविवारी उपासनेहून आल्या आल्या यांनी स्कूटर उघडली आणि दिवसभर तिच्या पोटात डोकं घालून बसले. आता पहिल्याच किकला भुर्रकन निघते. मी हेल्मेट घालते, हे वरच्या खिडकीतून हात हलवतात, संपलं.

जास्तीच्या पेट्रोलचं मलाही ठाऊक आहे हो, तिकडच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. पण दिवसभरात हे माझ्या शेजारी उभे राहायचे ते तेवढंच. पहिल्या कडव्याला घड्याळ बघायचे, दुसऱ्याला रस्त्याकडे. तिसऱ्याला मात्र हल्ली खालच्या पट्टीत गुणगुणायला लागले होते. बेसूर, पण शेजारी. एकदा तर धूळ पुसल्याचं नाटक करत सीटवर हातसुद्धा ठेवला.

तुमची माया जशी आहे तशीच असू द्या.
आपली,
पाहुणीच

ता. क. हे तुमचं ऐकतात. गाडी थोडी बिघडवून ठेव, असं त्यांना सांगाल का? फार नको, तीन कडव्यांपुरती. नाहीच म्हणतील, चालती गाडी त्यांनी जन्मात बिघडवलेली नाही. तरी विचारून बघा.